त्वचाविकार असलेल्या मुलांचे मन कसे जपावे?
पालक, शिक्षक आणि धर्मग्रामातील बंधुभगिनींसाठी काही विचार

जून महिन्याच्या मध्याला कोकणात पावसाबरोबर शाळाही सुरू होतात. नवा गणवेश, नवे दप्तर, नवा वर्ग, नवे सोबती. बहुतेक मुलांसाठी हे दिवस आनंदाचे असतात. परंतु ज्या मुलाच्या ओठांभोवती किंवा बोटांवर पांढरे डाग आहेत, ज्याच्या कोपरांना व गुडघ्यांमागे इसबाने सतत खाज सुटते, त्या मुलासाठी नवा वर्ग म्हणजे तेच जुने प्रश्न नव्याने ऐकणे असते. ‘हे काय झालंय तुला?’ ‘आम्हालाही होईल का?’ याच महिन्याच्या २५ तारखेला जागतिक कोड दिन पाळला जातो. या निमित्ताने एका महत्त्वाच्या, पण आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलल्या जाणाऱ्या विषयाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळे परिसरात औद्योगिक वसाहतीमुळे जुन्या स्थानिक कुटुंबांबरोबरच कामानिमित्त बाहेरगावाहून आलेली कुटुंबेही राहतात. अशा वस्तीत शेजार नवा असतो आणि आजी-आजोबा, मावशी-आत्या दूर असतात. कुटुंबभेटीला गेल्यावर पालक आमच्याशी नोकरीविषयी, मुलांच्या अभ्यासाविषयी मोकळेपणाने बोलतात. मुलाच्या त्वचेचा विषय मात्र आम्ही निघण्याच्या वेळी, दारापाशी, हळू आवाजात निघतो. तो प्रश्नही बहुधा औषधाचा नसतो. ‘फादर, हिचं पुढे कसं होणार?’ असा तो असतो. आणि पुष्कळदा ती मुलगी आतल्या खोलीतून हे सर्व ऐकत असते.

म्हणूनच या लेखात आम्ही औषधांपेक्षा मनाचा विचार अधिक करणार आहोत.

आधी विकार समजून घेऊ

मुलांमध्ये दीर्घकाळ राहणारे तीन त्वचाविकार आपल्याकडे विशेष आढळतात: कोड, इसब आणि सोरायसिस.

आपल्या त्वचेला रंग देणारे मेलॅनिन नावाचे द्रव्य विशिष्ट रंगपेशींमध्ये तयार होते. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारसंस्था काही व्यक्तींमध्ये चुकून याच पेशींवर हल्ला करते. पेशी नष्ट होतात आणि त्या जागी पांढरा डाग उमटतो. यालाच आपण कोड म्हणतो, तर वैद्यकीय भाषेत त्याला व्हिटिलिगो हे नाव आहे. जगभरात साधारणपणे शंभर व्यक्तींमागे एकाला हा विकार असतो. त्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये त्याची सुरुवात वयाच्या विसाव्या वर्षापूर्वी होते. म्हणजे ज्या वयात माणूस स्वतःकडे इतरांच्या डोळ्यांनी पाहायला शिकतो, नेमक्या त्याच वयात हे डाग येतात.

इसबामध्ये त्वचेचे संरक्षक आवरण कमकुवत असते. त्वचा कोरडी पडते, लाल होते आणि अतिशय खाजते. खाजवल्यामुळे ती अधिक दुखावते व पुन्हा खाज सुटते. हा विकार बहुधा वयाच्या पहिल्या पाच वर्षांतच दिसू लागतो. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी प्रमाणाबाहेर वेगाने वाढतात, त्यामुळे जाड, खवलेदार चट्टे येतात.

या तिन्ही विकारांविषयी एक गोष्ट प्रत्येक घराने, प्रत्येक शाळेने लक्षात ठेवावी. यांपैकी एकही विकार संसर्गजन्य नाही. एकत्र बसल्याने, एका ताटात जेवल्याने, हात हातात घेतल्याने किंवा एकमेकांचे कपडे वापरल्याने तो दुसऱ्याला होत नाही. मासे खाऊन दूध प्यायल्याने कोड होते, ही समजूत आपल्या किनारपट्टीवर फार जुनी आहे. तिला शास्त्रीय आधार नाही. एखाद्या आईने गरोदरपणी काय खाल्ले, काय पाहिले, यामुळेही तो होत नाही. अनेक आया मनातल्या मनात हा दोष स्वतःवर घेऊन जगत असतात. तो भार त्यांनी खाली ठेवावा.

मात्र मुलाच्या अंगावरचा प्रत्येक फिकट चट्टा कोडच असतो असेही नाही. शिबे, नायटा, गालांवर येणारे साधे फिकट डाग, अशी अनेक कारणे असू शकतात. कुष्ठरोगातही फिकट चट्टा येतो, परंतु त्या जागी बहुधा संवेदना कमी झालेली असते. कोडाच्या डागावर स्पर्श, उष्णता व वेदना पूर्वीसारखीच जाणवते. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ही औषधे शासनाकडून मोफत मिळतात. म्हणून घरी तर्क करत न बसता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. निदान निश्चित झाले की निम्मी भीती तेथेच ओसरते.

एका नावाने केलेला अन्याय

आपल्या भाषेत कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ असेही म्हटले गेले. या एका शब्दाने दोन अगदी वेगळे विकार एकत्र बांधले आणि कुष्ठरोगाभोवतीची सारी भीती कोड असलेल्या निरोगी माणसांच्या वाट्याला आली.

आपण ख्रिस्ती लोक याबाबतीत एक गोष्ट जाणून घ्यावी, असे आम्हाला वाटते. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात त्वचेवरील चट्ट्यांची तपासणी याजकाने कशी करावी याचे तपशीलवार नियम आहेत. तेथे ज्या हिब्रू शब्दाचे भाषांतर ‘महारोग’ किंवा ‘कुष्ठरोग’ असे होत आले, त्या शब्दाचा अर्थ आजच्या कुष्ठरोगापुरता मर्यादित नव्हता, त्यात अनेक प्रकारचे त्वचाविकार येत असत, असे बायबलचे अभ्यासक सांगतात. विशेष म्हणजे त्याच अध्यायातील अडतिसाव्या व एकोणचाळिसाव्या वचनांत ज्या स्त्रीच्या वा पुरुषाच्या अंगावर केवळ फिकट पांढरे डाग आहेत, तिला वा त्याला शुद्ध मानावे, असा स्पष्ट निर्णय दिलेला आहे. म्हणजे इतक्या कठोर नियमांच्या काळातही पांढरे डाग असलेल्या माणसाला समाजाबाहेर काढण्याची मुभा नव्हती. मग आज त्याच्या शेजारी बाकावर बसताना आपण का कचरावे?

खुद्द कुष्ठरोगाविषयीही आपला कायदा आता बदलला आहे. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून रद्द करण्यात आले. ख्रिस्ती समाजाला लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातूनही ते वगळले गेले. कायद्याने जी भीती सोडून दिली, ती आपल्या मनातून जायला वेळ लागू नये.

मुलाच्या मनात काय चालते?

मूल लहान असताना त्याला आपल्या डागांचे काहीच वाटत नाही. तीन-चार वर्षांची मुले एकमेकांतील फरक पाहतात आणि सरळ विचारतात. त्यात दुष्टावा नसतो. या वयातील मूल आपल्या आईचा चेहरा वाचून शिकते. कोणी प्रश्न विचारताच आईने घाईने बाही खाली ओढली, तर हे लपवण्यासारखे काही आहे, हा धडा मूल तेथेच घेते.

शाळेच्या वयात तुलना सुरू होते. टोपणनावे पडतात. खो-खो खेळताना, फुगडीला, रांगेत हात धरताना कोणी हात मागे घेतला, तर तो प्रसंग मोठी माणसे संध्याकाळपर्यंत विसरतात. मूल तो वर्षानुवर्षे विसरत नाही. काही मुले या वयात ‘मी काही वाईट केले म्हणून देवाने मला असे केले का?’ असा प्रश्न मनात धरून बसतात आणि तो कोणाला विचारत नाहीत.

किशोरवयात आरसा महत्त्वाचा होतो. मुलगी पूर्ण बाह्यांचाच आग्रह धरू लागते, छायाचित्राच्या वेळी मागच्या रांगेत जाऊन उभी राहते, स्नेहसंमेलनात भाग घ्यायचे टाळते. मुलगा पोहायला जाणे बंद करतो आणि त्याचे कारण वेगळेच सांगतो.

इसब असलेल्या मुलाची अडचण आणखी निराळी असते. रात्री खाजेमुळे झोप मोडते. ते मूल सकाळी चिडचिडे असते, वर्गात पेंगते. शिक्षक त्याला आळशी म्हणतात, आई-वडील हट्टी म्हणतात. त्याच्या झोपेकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

त्वचाविकारामुळे मुलाच्या जीवनावर किती परिणाम झाला आहे, हे मोजण्यासाठी ब्रिटनमधील लुईस-जोन्स व फिनले या तज्ज्ञांनी १९९५ साली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. चार ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी ती आजही जगभर वापरली जाते. तिच्यात मागील आठवड्याविषयी विचारले जाते: खाज किंवा वेदना किती होती, लाज वा दुःख वाटले का, मैत्रीवर परिणाम झाला का, कपडे बदलावे लागले का, खेळ व छंद, पोहणे, शाळा, इतरांनी चिडवणे, झोप, आणि शेवटी स्वतः उपचारांचाच त्रास. या दहांपैकी एकही प्रश्न डाग किती मोठा आहे हे विचारत नाही. हे लक्षात घेण्यासारखे आहे. बोटाच्या टोकावरील लहानसा डागही एखाद्या मुलाला खोल दुःख देऊ शकतो आणि अंगभर चट्टे असलेले दुसरे मूल आनंदात असू शकते. आपल्या मुलाशी बोलताना पालकांना हे दहा विषय वाटाड्यासारखे उपयोगी पडतील. एका बैठकीत सर्व विचारू नयेत. एसटीच्या प्रवासात, भाकरी भाजताना, रात्री औषध लावताना, एकेक विषय सहज निघू द्यावा.

घरात काय करावे?

पहिली गोष्ट, मुलाला त्याच्या विकाराचे नाव व खरे स्वरूप त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगावे. ‘तुझ्या त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी काही ठिकाणी काम करत नाहीत, म्हणून तिथे पांढरं दिसतं. ते दुखत नाही, कोणाला लागत नाही, आणि ते तुझ्या चुकीमुळे झालेलं नाही.’ इतके पहिलीतल्या मुलालाही कळते. ‘दहावीपर्यंत सगळं जाईल’ असे खोटे आश्वासन देऊ नये. ते खरे ठरले नाही की मूल आपल्या इतर शब्दांवरचाही विश्वास गमावते.

दुसरी गोष्ट, मुलाचे दुःख झटकून टाकू नये. ‘काही नाही होत, लक्ष नको देऊ’ हे आपण धीर देण्यासाठी म्हणतो. मुलाला मात्र ‘याविषयी घरी बोलायचे नाही’ असे ऐकू येते. त्याऐवजी ‘तुला वाईट वाटलं असणार. नेमकं काय झालं ते सांग’ असे म्हणून शेवटपर्यंत ऐकावे. उपाय नंतर सुचतील.

तिसरी गोष्ट, ‘खाजवू नकोस’ हे वाक्य घरातून शक्य तितके कमी करावे. खाज ही मुलाच्या इच्छेने येत नाही; सतत रागावल्याने त्याला खाजेबरोबर अपराधीपणाही सोसावा लागतो. खाज आली की मुठी घट्ट आवळून तीस अंक मोजणे, मग त्या जागेवर तळहात नुसता दाबून धरणे, थंड ओला कपडा ठेवणे, हाताला काही काम देणे, असे पर्यायी वळण लावता येते. नखे छोटी ठेवावीत. अंघोळीनंतर अंग हलके टिपून लगेच डॉक्टरांनी सांगितलेले मलम वा तेलकट द्रव्य लावावे. आपल्या दमट हवेत व पावसाळ्यात ओलसर गणवेश अंगावर राहू देऊ नये, दप्तरात एक कोरडा सुती सदरा असावा.

चौथी गोष्ट, औषध लावण्याची वेळ ही भांडणाची वेळ होऊ देऊ नये. रोज दोनदा होणारे हे काम घाईने, कपाळाला आठ्या घालून केले, तर मुलाला आपले शरीर हे घरावरचे ओझे वाटू लागते. तेच काम बाबांनी एखादी गोष्ट सांगत केले, तर तो मायेचा स्पर्श होतो. मूल मोठे होऊ लागले की थोडी जबाबदारी त्याच्याकडे द्यावी. कोणते औषध कधी लावायचे हे त्याने सांगावे, डॉक्टरांना एक तरी प्रश्न त्याने स्वतः विचारावा.

पाचवी गोष्ट भावंडांची. एका मुलाच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत दुसरे मूल मागे पडते. त्याच्याही शाळेत ‘तुझ्या बहिणीला काय झालंय?’ असे विचारले जाते. त्यालाही खरी माहिती व स्वतंत्र वेळ द्यावा.

आणि शेवटची, कदाचित सर्वांत कठीण गोष्ट. मुलीच्या लग्नाची चिंता तिच्यासमोर बोलून दाखवू नये. आठ वर्षांच्या मुलीच्या देखत ‘हिला कोण करून घेणार’ हे वाक्य उच्चारणे म्हणजे तिच्या सगळ्या गुणांना, अभ्यासाला, गळ्याला, स्वभावाला एका क्षणात शून्य किंमत देणे होय. पाहुण्यांनी तसे म्हटले तर आई-वडिलांनी तेथेच, शांतपणे, मुलीच्या बाजूने बोलावे. आई-वडील आपल्यासाठी बोलले, ही आठवण मुलीला आयुष्यभर पुरते.

लोकांच्या प्रश्नांना उत्तर

ब्रिटनमधील जेम्स पार्ट्रिज हे अठराव्या वर्षी वाहनाच्या आगीत गंभीर भाजले. त्यांनी १९९२ साली चेहऱ्यावर वा शरीरावर वेगळेपण असलेल्या व्यक्तींसाठी ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था स्थापन केली. या संस्थेने शिकवलेली तीन पायऱ्यांची रीत सोपी आहे: थोडक्यात सांगणे, धीर देणे आणि विषय पुढे नेणे. आपल्या मुलांच्या भाषेत ती अशी होईल: ‘याला कोड म्हणतात. ते कोणाला लागत नाही. चल, डाव सुरू करूया.’ किंवा ‘मला इसब आहे, खाज येते, पण तुला नाही होणार. तुझं गणित झालं का?’

हे उत्तर घरी दोघांनी नाटक करून सरावाने बसवावे. आई नवी मैत्रीण होईल, मूल उत्तर देईल. मग भूमिका बदलाव्यात. प्रत्येक वेळी उत्तर द्यायलाच हवे असे नाही. ‘मला आत्ता त्याबद्दल बोलायचं नाही’ असे म्हणण्याचा हक्कही मुलाला आहे, हे त्याला सांगावे. कोणी वारंवार छळत असेल, मारत असेल वा वस्तू घेत असेल, तर मोठ्यांना सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हेही स्पष्ट करावे.

शाळेची साथ

वर्ष सुरू होताच पालकांनी वर्गशिक्षकांना भेटावे आणि विकाराचे नाव, तो पसरत नसल्याविषयी डॉक्टरांची चिठ्ठी, मुलाच्या गरजा, एवढे सांगावे. कवायतीच्या वेळी सावली, पूर्ण बाह्यांची मुभा, मलम लावण्यासाठी दोन मिनिटे, पंख्याजवळची जागा, इतक्या छोट्या गोष्टींनी फार फरक पडतो. वर्गाला माहिती द्यावी की नाही, हे मुलाला विचारूनच ठरवावे. त्याला उभे करून त्याच्यावर व्याख्यान देऊ नये. विज्ञानाच्या तासाला त्वचा हा विषय शिकवताना सर्व विकारांबरोबर ही माहिती सहज देता येते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत बालकाला शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळ करण्यासही मनाई केली आहे. मुलाच्या त्वचेवरून त्याला टोपणनावाने हाक मारणे हा विनोद नव्हे, हे शिक्षकांनी स्वतः पाळावे व वर्गालाही शिकवावे.

शाळांतून व अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या या तपासणीत खरूज, बुरशीजन्य विकार व इसब यांसारख्या त्वचेच्या तक्रारीही पाहिल्या जातात. पथक शाळेत आले असता पालकांनी संकोच न करता मुलाची तक्रार सांगावी.

उपचारांची धावपळ

कोडावर आज मलमे, विशिष्ट अतिनील किरणांचा उपचार आणि विकार स्थिर झाल्यावर काही रुग्णांमध्ये त्वचारोपणाची शस्त्रक्रिया असे मार्ग आहेत. इसब व सोरायसिस योग्य औषधांनी आटोक्यात राहतात. परंतु या सर्वांना वेळ लागतो, कधी विकार पुन्हा उफाळतो. हा संथपणा सहन न होऊन पालक एका उपचाराकडून दुसऱ्याकडे धावतात. कोणी हमखास गुणाची जाहिरात देतो, कोणी जडीबुटीचा लेप देतो, कोणी दुकानातून तीव्र स्टिरॉइडचे मलम घेऊन महिनोन्‌महिने लावतो. त्याने त्वचा पातळ होते, नुकसान होते. तेच औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठरलेल्या प्रमाणात वापरले तर उपयोगी असते. म्हणून त्याची अवास्तव भीतीही नको.

या धावपळीचा मनावर होणारा परिणाम आपल्या ध्यानात येत नाही. दर सुट्टीत नवा डॉक्टर, नवे पथ्य, नवा नवस. मुलाला यातून एकच संदेश मिळतो: ‘मी जसा आहे तसा चालत नाही, बरा झालो तरच चालेन.’ उपचार जरूर करावेत, चिकाटीने करावेत. पण मुलाचे जगणे उपचारांच्या शेवटापर्यंत थांबवून ठेवू नये. गाणे, खेळ, सहल, मैत्री हे सर्व आजच व्हावे.

केव्हा अधिक मदत घ्यावी?

मूल शाळेला जाण्यास सतत नकार देऊ लागले, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नाही, झोप वा भूक बिघडली, गुण एकाएकी घसरले, ते एकटे राहू लागले, स्वतःला इजा करू लागले किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे बोलू लागले, तर वाट पाहू नये. हा हट्ट नव्हे आणि प्रार्थनेत कमी पडल्याची खूणही नव्हे. बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ वा समुपदेशक यांच्याकडे न्यावे. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, तसेच राज्याच्या जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक येथेच आहे. त्या दाराशी जाण्यात कमीपणा मानू नये. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

एकटे नाही, ही जाणीव

अशा मुलाला सर्वाधिक बळ मिळते ते आपल्यासारखे दुसरे कोणी पाहिल्याने. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्या व्यक्तींसाठी ‘श्वेता असोसिएशन’ हा स्वमदत गट उभा केला. स्वतः कोड असलेल्या या शल्यचिकित्सक डॉक्टरांच्या पुढाकाराने सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘नितळ’ हा मराठी चित्रपट २००६ साली आला. देविका दफ्तरदार यांनी त्यात कोड असलेल्या तरुण डॉक्टरची भूमिका केली आहे. सुशिक्षित म्हणवणाऱ्या कुटुंबातील माणसे तिच्याकडे कशी पाहतात, याचे शांत दर्शन त्यात घडते. किशोरवयीन मुलांबरोबर पालकांनी तो पाहावा आणि नंतर बोलावे.

जागतिक कोड दिनाची २५ जून ही तारीख गायक मायकेल जॅक्सन यांच्या स्मृतिदिनाची आहे. २००९ साली त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. सारे जग ज्याला ओळखत होते, त्या कलावंताला १९९३ साली दूरचित्रवाणीवर येऊन आपल्याला कोड असल्याचे सांगावे लागले, कारण तोवर लोक त्याच्या त्वचेविषयी वाटेल ते बोलत होते. २०२० साली पांढरे डाग असलेली बार्बी बाहुली बाजारात आली. मुलांच्या खेळण्यातही त्यांचे रूप दिसू लागले, हा बदल लहान वाटला तरी स्वागतार्ह आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनेही त्वचाविकारांना सार्वजनिक आरोग्याचा प्राधान्यविषय मानणारा ठराव केला.

आपला धर्मग्राम

शेवटी आपल्याच अंगणाकडे वळू. मिस्सामध्ये शांतीचे अभिवादन करताना शेजारच्या बाकावरील मुलाच्या हातावर चट्टे पाहून आपण नुसती मान तर झुकवत नाही ना? प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात मुलांच्या जोड्या लावताना अशी मुलगी शेवटी उरत नाही ना? वेदीसेवक निवडताना, गायनवृंदाची पहिली रांग लावताना, नाताळच्या नाटिकेत देवदूताची भूमिका देताना आपण कोणाला नकळत वगळतो? धर्मशिक्षणाच्या शिक्षकांनी व युवा नेत्यांनी या प्रश्नांचा प्रामाणिकपणे विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

‘हे देवाने दिलेले शासन आहे’ किंवा ‘तुमच्या घरी कोणाचे तरी पाप असेल’ असे बोलणारी माणसे आपल्यातही आहेत. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न विचारला होता: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभूने दोघांचाही दोष नाकारला. त्या उत्तरानंतर ख्रिस्ती माणसाला असा आरोप करण्यास जागाच उरत नाही. आणि मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात, ज्याला कोणी शिवत नव्हते त्या माणसाकडे प्रभूने हात पुढे केला. त्याला शब्दानेही बरे करता आले असते. परंतु आधी त्याने स्पर्श केला.

रोग बरा करणे आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती नाही. पण बाकावर शेजारी बसणे, खेळात घेणे, हात हातात धरणे, नावाने हाक मारणे, हे प्रत्येकाच्या हाती आहे. या वर्षी शाळेची घंटा वाजेल तेव्हा आपल्या मुलांना एवढे तरी सांगून पाठवू या. ज्या घरात असे मूल आहे, तेथील आई-वडिलांना आमचे सांगणे इतकेच की आपण संकोच न करता बोला: डॉक्टरांशी, शिक्षकांशी, आमच्याशी, आणि सर्वांआधी आपल्या मुलाशी.